या रविवारी पूर्वेला निघ

पुणे, नोव्हेंबरचा दुसरा आठवडा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. हिंजवडीत येऊन सव्वा वर्ष झालं आणि सुट्टीच्या दिवशी बघितलं काय, तर लोणावळ्याच्या वाटेवर गाड्यांच्या रांगा आणि सिंहगडाच्या पायथ्याशी थांबवलेली वाहनं, असं लिहिलंयस. ‘सकाळी निघून रात्री घरी परतता येईल अशी जागा सांगा’, एवढंच तुझं मागणं. माझं उत्तरही तेवढंच आहे: एकदा पूर्वेला जा.

आधी नकाशा काढून बस. समुद्रावरून आलेले ढग घाटमाथा चढता चढताच रिते होतात. लोणावळ्याला वर्षाला ४००० मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्यात ७०० च्या आसपास, आणि पुढे सुपे-बारामतीकडे ५०० च्या आतबाहेर. शे-सव्वाशे किलोमीटरात एवढा फरक पडतो. पश्चिमेला दाट जंगल, भात, धुकं. पूर्वेला बाजरी, बोरी-बाभळी आणि गवताचे माळ. पुण्याच्या माणसाला हे दोन्ही मुलूख एका दिवसाच्या अंतरावर मिळाले आहेत, पण आपण सगळे एकाच दिशेला धावतो. पूर्वेला ‘काही नाही’ असं आपल्याला कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं. मलाही सांगितलं होतं.

पहाटे पाचला निघ. सोलापूर रस्त्यानं यवतच्या पुढे चौफुला लागतो, तिथून उजवीकडे वळलीस की सुपे. गावाजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. क्षेत्रफळ जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर; १९९७ साली ते चिंकारा हरणांसाठी राखलं गेलं. फाटकावर पावती कर, पायवाट सोडू नकोस, आणि पहिला अर्धा तास कुणाशीही बोलू नकोस.

चिंकारा आधी दिसत नाही. तू नुसत्या पिवळ्या गवताकडे बघत राहशील आणि मग त्या गवतालाच कान फुटतील. गवताच्या रंगाचंच अंग, पांढरं पोट, आखूड काळी शेपटी सारखी हलत असते. धोका वाटला की ते पुढचा पाय आपटतं आणि शिंकल्यासारखा आवाज काढतं. तो आवाज ऐकलास तर समज, आपण जास्त जवळ आलोय. दोन पावलं मागे हो आणि खाली बस. पाण्यावाचून ते बरेच दिवस काढतं, कारण पाला आणि दव यातूनच त्याची तहान भागते. ५०० मिलीमीटरच्या मुलखात जगायचं तर ही विद्या लागतेच.

परतताना पायमोज्यांकडे बघ. कुसळं अडकलेली असतील. म्हणीतलं, डोळ्यातलं कुसळ ते हेच. ती झटकून टाकू नकोस. एक अलगद काढ, तळहातावर ठेव आणि त्यावर बाटलीतल्या पाण्याचे दोन थेंब सोड. टोकदार बी आणि त्याला जोडलेली लांब, पिळदार शेपटी. ओल लागली की तिचा पीळ उलगडायला लागतो आणि कुसळ तुझ्या हातावर हळूहळू फिरतं. वाळलं की पुन्हा पीळ पडतो. ओलं-सुकं होता होता ते स्क्रूसारखं स्वतःला मातीत रोवून घेतं. बी असं उघड्यावर पडून राहत नाही. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चाळिशी ओलांडली होती, आणि त्याआधीची कित्येक वर्षं मी तीच कुसळं शिव्या देत उपटून फेकली होती.

या माळांना कागदोपत्री कित्येक ठिकाणी ‘पडीक’ म्हणतात. त्या एका शब्दानं फार नुकसान केलंय. पडीक म्हटलं की कुणालाही वाटतं, इथे झाडं लावावीत, नाहीतर प्लॉट पाडावेत. झाडं लावणं वाईट कसं, असं तूही विचारशील. पण गवताला ऊन लागतं. गिरिपुष्पासारख्या लावलेल्या झाडांच्या सावलीत पवना आणि मारवेल ही गवतं टिकत नाहीत. ती गेली की चिंकारा, खोकड, लांडगा, जमिनीवर घरटं करणारे पक्षी, सगळ्यांचाच आसरा जातो. मेंढपाळांचाही. दिवाळीनंतर धनगरांची खांडवं, म्हणजे मेंढ्यांचे कळप, घोड्यांसकट कोकणाकडे उतरताना तुला वाटेत भेटतील. पावसाच्या तोंडावर ती परततात ती याच माळांच्या भरवशावर. शेतकरी लेंडीखतासाठी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात. हा व्यवहार पिढ्यान्पिढ्या चालत आलाय, आणि आपण त्या जमिनीला पडीक म्हणतो!

एक चूक तुला सांगून ठेवतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये अशाच एका माळावर मी मोटारसायकल गाडीवाटेवरून खाली उतरवली, फोटोसाठी दोनशे पावलं जवळ जावं म्हणून. डोक्यावर टिटव्यांची जोडी ओरडत घिरट्या घालत होती. टिटव्या ओरडतच असतात म्हणून मी लक्ष दिलं नाही. उतरून पाहिलं तर पुढच्या चाकामागे खड्यांच्या रिंगणात चार अंडी, त्यातली दोन फुटलेली. खड्यांसारखीच ठिपक्याठिपक्यांची, उभं राहून बघितलं तरी ओळखू आली नसती. ती जोडी मी निघेपर्यंत ओरडत होती. तेव्हापासून चाक वाटेवरून खाली उतरवत नाही, आणि टिटवी ओरडली की आधी पायाखाली बघतो. तूही बघ.

ऊन चढलं की माळावर थांबू नकोस. परत चौफुल्याला ये, पिठलं-भाकरी खा आणि यवतवरून भुलेश्वरला चढ. बाहेरून हे देऊळ देवळासारखं वाटतच नाही. चुन्याचे घुमट आणि तटबंदी दिसते. आदिलशाहीतल्या मुरार जगदेवानं इथे दौलतमंगळ किल्ला बांधला, त्याच्या पोटात हे यादवकालीन शिवमंदिर आहे. अंधाऱ्या पायऱ्या चढून आत गेलीस की काळ्या पाषाणाचा गारवा अंगावर येतो. शिल्पं पाहताना मोबाईलचा दिवा समोरून मारू नकोस, सगळं सपाट दिसतं. भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूनं धर. मग दागिन्यांची कडी, वस्त्रांच्या चुण्या, बोटांची पेरं वर येतात. बऱ्याच चेहऱ्यांचे घाव तेव्हा नीट दिसतात, तेही बघ. स्त्रीरूपातला गणपती शोध. कुणाला विचारू नकोस. स्वतः सापडवलास तर मला सांग.

पश्चिमेबद्दल थोडक्यात. भाजे लेणी बघायचीच आहेत, पण पाऊस सरल्यावर, मधल्या वारी रजा टाकून. लोकलनं मळवलीला उतर आणि चालत जा. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या चैत्याच्या छताला मूळच्या लाकडी कमानी आजही आहेत. भर पावसात धबधब्याखाली, बंधाऱ्यावर जाऊ नकोस. मित्र गेले तरी जाऊ नकोस. २०२४ साली भुशी धरणाजवळ माणसं वाहून गेली आणि २०२५ साली कुंडमळ्याला पूल कोसळला, ते तू वाचलं असशीलच.

जानेवारीत भिगवण कर. उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित (फ्लेमिंगो) आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस असतात. नावाड्याला सांग, थव्यात होडी घालू नकोस. फोटोसाठी पक्षी उडवायचा आग्रह बहुतेक वेळा आपणच धरतो. आणि कडबनवाडीच्या गवताळ सफारीला जायचं झालं तर आधी वनखात्याकडे ऑनलाइन नोंदणी करावी लागते.

रविवारसाठी दोन बाटल्या पाणी, टोपी, मातकट रंगाचे कपडे आणि दुर्बीण. दुर्बीण माझी घेऊन जा. शनिवारी संध्याकाळी ये, काकूनं थालीपीठं करून द्यायचं कबूल केलंय. काच पुसायचं मऊ फडकं तिच्याच पिशवीत आहे, रुमालानं पुसू नकोस.

तुझा,
काका