लॉकडाऊन संपून इतकी वर्षं झाली, तरी वडील घराबाहेर पडत नाहीत. हा एकटेपणाचा परिणाम की नुसतं वय?

तुम्ही लिहिलंय की वडील ७२ वर्षांचे, कोविडच्या आधी रोज पारावर बसायचे, आता 'बाहेर काय काम आहे' म्हणून खोलीतच असतात. वय झालं म्हणून सोडून देऊ नका. मी डॉक्टर नाही, पण हेच माझ्या आईच्या बाबतीत घरात पाहिलंय.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. घरात तेलुगू, दारात मराठी. आई विड्या वळते. सोबत चार बायका, एकच ओटा, मांडीवर सूप, हातात कात्री आणि तोंडाची टकळी चालू. दिवसाला हजार विड्या व्हायच्या आणि गल्लीतल्या भानगडीही तिथंच निकाली निघायच्या. मार्च २०२० मध्ये कारखाना बंद झाला. १२ एप्रिलला पाच्छा पेठेत शहरातला पहिला रुग्ण सापडला आणि मग गल्लीगल्लीला पत्रे ठोकले गेले. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही पाच जण. एकटं राहायचं म्हटलं तरी जागा नव्हती, आणि तरीही आई एकटी पडली. रात्री टीव्हीसमोर बसली की तिची बोटं रिकाम्या मांडीवर पान वळत असायची. तिला ते कळायचंही नाही.

माणूस कमी पडतं तेव्हा मेंदू ते भुकेसारखं घेतो, असं दिसलंय. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात ४० जणांना एक दिवस दहा तास एकटं ठेवलं, आणि वेगळ्या दिवशी दहा तास उपाशी. उपाशी असताना जेवणाचे फोटो बघून मेंदूचा जो भाग जागा होतो, तोच एकटं राहिल्यावर माणसं एकत्र असलेले फोटो बघून जागा झाला. हा अभ्यास २०२० मध्ये छापून आला. फक्त दहा तास! आपल्याकडे महिने गेले. पहिल्या वर्षातच जगभरात चिंता आणि नैराश्य २५ टक्क्यांनी वाढल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं.

पण आईला जास्त लागलं ते नंतरचं. जुलैत ती पॉझिटिव्ह निघाली, दहा दिवस सेंटरवर राहिली, बरी होऊन आली. ओट्यावरच्या बायकांनी दार लोटून घेतलं. एक जण तर म्हणाली, "अक्का, महिनाभर येऊ नका की." बोलली चांगलंच, पण आई त्या महिन्यानंतरही गेली नाही. सार्ससारख्या आधीच्या साथींत क्वारंटाईन झालेल्या लोकांवरच्या अभ्यासांचा आढावा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०२० च्या सुरुवातीला छापला होता. त्यातही लांबलेली मुदत, पैशाची ओढाताण आणि लोकांनी टाळणं, या गोष्टी मनाला लागतात असं आहे. तुमच्या वडिलांशी त्या काळात कोण कसं वागलं, हे एकदा विचारा. आम्हाला दीड वर्ष विचारायचं सुचलं नव्हतं.

'बाबा, जरा फिरून या' याचा उपयोग होत नाही. आईला आम्ही रोज सांगायचो, ती रोज 'बघू' म्हणायची. काम सुरू झाल्यावर विड्या जमा करायला जावंच लागलं, तेव्हा पाय बाहेर पडला. वडिलांनाही काम सांगा: दळण आणा, नातवाला बसस्टॉपवर सोडा. जिथं ते गेले नाहीत तर कुणाचं तरी अडेल, असं काहीतरी.

मात्र झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, 'आता कशाला जगायचं' असं तोंडी येत असेल, तर दळणाच्या नादात राहू नका, सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. म्हातारपणी नैराश्य कधी कधी विसरभोळेपणासारखं दिसतं, आणि घरचे त्याला वय समजून बसतात. कानाला कमी ऐकू येतंय का तेही तपासा. ऐकू येत नाही म्हणून माणूस गप्प बसतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

आई आता ओट्यावर बसते, पण कोपऱ्यात. परवा त्याच बाईचं सूत संपलं. आई काही बोलली नाही, आपलं रीळ तिच्या सुपात टाकलं आणि पान कापायला लागली.