आयर्लंड की जर्मनी: आजचा आकडा नको, तीस वर्षांची चाल बघा

तुम्ही विचारलंत: वय 34, चाकणला मशीन मेंटेनन्सला, बायको नर्स, मुलगी चार वर्षांची, आयर्लंडमध्ये बेरोजगारी कमी आहे आणि इंग्रजीवर भागतं, मग जर्मनीचा विचार तरी कशाला करायचा? मी दोन्हीकडे राहिलोय. 2006 ते 2011 डब्लिन, 2012 पासून श्टुटगार्टजवळ. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बेरोजगारीच्या टक्केवारीआधी काम करणाऱ्यांची एकूण संख्या वर्षागणिक कशी बदलत गेली ते बघा. 1991 च्या सुमारास आयर्लंडमध्ये साडेअकरा लाखांच्या आसपास लोक कामावर होते. 2024 मध्ये साडेसत्तावीस लाख. जर्मनीत याच काळात सुमारे 3 कोटी 90 लाखांचे 4 कोटी 60 लाख झाले. एक दुपटीच्याही पुढे गेला, दुसरा जेमतेम अठरा टक्के वाढला. एवढंच बघितलं तर कोणीही आयर्लंडच निवडेल.

पण आयर्लंडची रेघ सरळ वर गेलेली नाही. चढली ती टप्प्याटप्प्याने, आणि मधे घसरलीही. आधी तिथल्या बायका मोठ्या संख्येने कामाला लागल्या (1973 पर्यंत सरकारी नोकरीतल्या बाईला लग्न झालं की राजीनामा द्यावा लागायचा), मग परदेशी कंपन्या आल्या, आणि 2004 ला पोलंडसकट नवे देश युरोपियन युनियनमध्ये आल्यावर आयर्लंडने त्यांना पहिल्या दिवसापासून कामाची मुभा दिली. जर्मनीने तेच दार 2011 पर्यंत बंद ठेवलं होतं.

2006 मध्ये आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सात क्रेन दिसायच्या. 2010 च्या हिवाळ्यात त्यातली एकही हलत नव्हती. वरच्या मजल्यावरचा पोलिश प्लंबर वॉशिंग मशीन आम्हाला देऊन बायको-मुलांसह गावी परतला. मंदीच्या पाच वर्षांत त्या छोट्याशा देशातल्या तीन लाखांवर नोकऱ्या गेल्या, बेरोजगारी पंधरा टक्क्यांपर्यंत चढली. आणि नीट लक्षात घ्या, तो प्लंबर त्या पंधरा टक्क्यांत नव्हता. देश सोडून गेलेला माणूस बेरोजगारांत मोजला जात नाही. म्हणून म्हणतो, एकूण संख्या बघा.

2009 मध्ये जर्मनीची अर्थव्यवस्थाही पाच टक्क्यांहून जास्त आक्रसली होती. पण तिथे कुर्त्सआर्बाइट नावाची सोय आहे: कंपनी कामाचे तास कमी करते, बुडालेल्या पगाराचा मोठा भाग सरकारी रोजगार संस्था भरून देते, माणूस पटावर राहतो. दहा लाखांहून जास्त लोक तेव्हा या सोयीवर होते, आणि बेरोजगारी फारशी हलली नाही.

आता जर्मनीची अडचण वेगळी आहे. 1964 साली तिथे साडेतेरा लाखांवर मुलं जन्मली, एवढी त्यानंतर कधीच नाही. ती पिढी 2031 ला 67 ची होऊन पेन्शनवर जाईल. आमच्या मेंटेनन्सच्या अकरा जणांत 34 व्या वर्षी मी वयाने मधला होतो. आज 47 व्या वर्षी लहानांत तिसरा आहे! दोन वर्षांत चार जणांना निरोप दिला, जागा दोनच भरल्या. म्हणूनच 2024 च्या जूनपासून नोकरी शोधायला येण्यासाठी गुणांवर आधारलेलं चान्सनकार्ट नावाचं परवाना-कार्ड सुरू झालं, आणि त्याच ऑक्टोबरात कुशल भारतीयांचे वर्षाचे व्हिसा 20 हजारांवरून 90 हजारांवर नेण्याची घोषणा झाली. गाड्यांच्या कारखान्यांत सध्या कपात चालू आहे हेही खरं. तेव्हा फक्त त्याच धंद्यावर विसंबू नका. औषधं, खाद्यपदार्थ, पॅकेजिंग, सगळीकडे मशीन बिघडतंच.

आयर्लंड वाईट नाही. नर्सना क्रिटिकल स्किल्स परमिट (टंचाई असलेल्या कुशल कामांसाठीचा परवाना) मिळतं, कुटुंब लगेच नेता येतं, जोडीदारालाही काम करता येतं. पण डब्लिनमध्ये भाड्याचं घर मिळवताना जीव मेटाकुटीला येतो, आणि लहान मूल घेऊन तो त्रास काढायचा आहे हे विसरू नका.

तुमच्या घरासाठी मी जर्मनी म्हणेन, एका अटीवर: भाषा. वहिनींना नर्स म्हणून मान्यता मिळवायला साधारण बी-टू पातळीची जर्मन (म्हणजे कामावर न अडखळता बोलता-समजता येईल इतकी) लागते. नोकरी सांभाळून त्याला वर्ष-दीड वर्ष जातं, आणि इथे येऊन शिकू म्हणणारे बरेच जण मदतनीसाच्या पगारावर अडकलेले मी पाहिलेत. म्हणून राजीनाम्याचा विषय आत्ता काढूच नका. पुण्यात या महिन्यात दोघांचे क्लास सुरू करा, आणि वहिनींची मार्कशीट, रजिस्ट्रेशन, अनुभवाची पत्रं भाषांतराला द्या. कॉलेजकडून अभ्यासक्रमाचे तास लिहून मिळवायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो.