जुन्या ड्रॉइंगवरचा ‘क्लास 1’ म्हणजे आजचा ‘एससी1’ नव्हे

प्रश्न : अमेरिकन गिऱ्हाइकाचं साठच्या दशकातलं ड्रॉइंग आहे. नोट अशी : ‘झिंक प्लेट, क्यूक्यू-झेड-325, टाइप 2, क्लास 1’. स्टडवर 3/8-16 यूएनसी-2ए आटे (3/8 इंच व्यास, इंचाला 16 आटे; 2ए हा फिटचा दर्जा). हे अमेरिकन सरकारी स्पेसिफिकेशन रद्द होऊन त्याच्या जागी एएसटीएम बी633 हे झिंक प्लेटिंगचं स्टँडर्ड आलं, असं सांगून प्लेटरने ‘टाइप 2, एससी1’ करून दिलं. लॉट रिजेक्ट झाला. चुकलं कुठे? (भोसरी)

उत्तर : प्लेटरने स्पेसिफिकेशन बरोबर बदललं, पण आकडा तसाच ठेवला आणि तिथेच घोळ झाला. दोन्हींत क्रम उलटा आहे. क्यूक्यू-झेड-325 मध्ये क्लास 1 सर्वांत जाड : 0.001 इंच, म्हणजे एक थाउ (इंचाचा हजारावा भाग), 25 मायक्रॉन. क्लास 2 अर्धा थाउ, तर क्लास 3 म्हणजे 0.0002 इंच, 5 मायक्रॉन. बी633 मध्ये एससी (सर्व्हिस कंडिशन, वापराची परिस्थिती) असे वर्ग आहेत; त्यांत एससी1 सर्वांत पातळ, 5 मायक्रॉन. पुढे एससी2 ला 8, एससी3 ला 12 आणि एससी4 ला 25. तुमचा कोट हवा त्याच्या एक पंचमांश बसला. ऑर्डरवर ‘एएसटीएम बी633, एफई/झेडएन 25, टाइप 2, एससी4’ असं लिहा (एफई/झेडएन 25 म्हणजे पोलादावर 25 मायक्रॉन झिंक). जाडी मायक्रॉनमध्ये लिहिली की वाद उरत नाही.

टाइप म्हणजे झिंकवरची पुढची प्रक्रिया. टाइप 2 दोन्हींकडे रंगीत क्रोमेट (झिंकला गंजण्यापासून वाचवणारा पातळ रासायनिक थर) आहे, म्हणून तिथे निभावलं. ड्रॉइंगवर टाइप 3 असता तर? जुन्यात तो फॉस्फेट, बी633 मध्ये तोच टाइप 3 म्हणजे रंगहीन क्रोमेट. फॉस्फेट तिथे टाइप 4. सॉल्ट स्प्रेमध्ये (खारट पाण्याच्या फवाऱ्याच्या चाचणीत) बी633 चा टाइप 2 हा 96 तास टिकायला हवा, टाइप 3 ला फक्त 12 तासांची अट आहे.

आता 25 मायक्रॉन चढवलेत की पुढची अडचण आट्यांत येईल. 60 अंशांच्या आट्यावर पिच डायमीटर (आट्याच्या मधल्या उंचीवरचा व्यास) कोटच्या चौपट वाढतो : 25 मायक्रॉनला 100. 3/8-16 च्या 2ए फिटमध्ये बेसिक साइजपेक्षा आटे बारीक ठेवायची सूट 0.0013 इंच, म्हणजे 33 मायक्रॉन. त्यात जेमतेम 8 मायक्रॉनचा कोट मावतो. प्लेटिंगनंतर गो गेज (आट्यांवर सहज फिरायला हवा असा तपासणीचा गेज) बेसिक साइजचा, म्हणजे सूट नसलेल्या 3ए फिटचा लागतो. पिच डायमीटर 0.3344 च्या पुढे गेला की तो अडकतो. प्लेटिंगआधीची मर्यादा 0.3287 ते 0.3331 इंच आहे. आटे रोल करताना 0.3290 च्या आसपास ठेवा. मग 34 मायक्रॉनपर्यंत कोट आला तरी गेज जातो. वरच्या टोकाला केलेले आटे मात्र प्लेटिंगनंतर डाय फिरवून साफ करू नका, झिंकच निघून जाईल. आट्यांवर कमी जाडी चालेल का, हे गिऱ्हाइकाकडून लेखी घ्या. स्वतः ठरवू नका.

स्टडचा कडकपणाही बघा. जुन्या स्पेसिफिकेशनमध्ये बेकिंगची (प्लेटिंगनंतर भट्टीत तापवण्याची) अट एचआरसी (रॉकवेल सी कडकपणा) 40 पासून होती, तेही तीन तास. बी633 च्या नव्या आवृत्त्यांत ती एचआरसी 31 च्या वर लागते. म्हणजे एचआरसी 35 चा पार्ट पूर्वी बेकिंगशिवाय जायचा, आता जात नाही. प्लेटिंग करताना पोलादात शिरलेला हायड्रोजन अडकून राहिला तर स्टड आवळल्यावर काही तासांनी, कधी दिवसांनी तुटतो. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत भट्टीत घाला आणि क्रोमेट बेकिंगनंतरच करा; आधी केलं तर 190 अंशांत पिवळ्या क्रोमेटचा थर सुकून तडकतो. वेळ वाचवायला प्लेटर नेमका हाच क्रम उलटा करतात.

प्रश्न : ‘क्यूक्यू-पी-416, टाइप 2, क्लास 3’ म्हणजे कॅडमियम ना? झिंक चालेल? (कोल्हापूर)

उत्तर : हो, कॅडमियम, 5 मायक्रॉन, क्रोमेटसह. न विचारता झिंक नको. झिंकचं घर्षण जास्त, त्यामुळे त्याच टॉर्कवर बोल्टला ताण कमी येतो. बदल मंजूर झाला तर टॉर्कचा आकडाही नव्याने मागून घ्या.