चवदार तळ्याचा धडा आणि मागच्या बाकावरचा मुलगा

"जातीचा विषय काढला की मुलं दुखावतात. मग काढूच नये का?" आठवीच्या एका वर्गशिक्षिकेचा हा प्रश्न बऱ्याच शिक्षकांच्या मनात असतो. चवदार तळ्याचा धडा झाल्यापासून त्यांच्या वर्गातला एक मुलगा शाळा बुडवू लागला होता. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

धडा त्याला आवडला होता. "पण बाईंनी मलाच विचारलं, तुमच्या घरी काय सांगतात? सगळे मागे वळून बघायला लागले." त्याच आठवड्यात शिष्यवृत्तीच्या कामासाठी "एससीवाले उभे राहा, कुणाचे दाखले राहिलेत?" असा पुकारा भरवर्गात झाला होता. मधल्या सुट्टीपर्यंत त्याचं नाव 'फुकट्या' पडलं.

तेव्हा धडा गाळायचा नाही, त्याचा रोख फिरवायचा. चार-चार मुलांच्या गटाला तारखा कापलेल्या चार चिठ्ठ्या द्या: सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा मुंबई कायदेमंडळातला बोले ठराव (1923), तळं खुलं करणारा महाड नगरपालिकेचा ठराव (1924), सत्याग्रह (20 मार्च 1927), तळं वापरण्याचा हक्क मान्य करणारा उच्च न्यायालयाचा निकाल (1937). दहा मिनिटं क्रम लावायला. सत्याग्रह आधी, मग ठराव, असा क्रम लागण्याची शक्यता बरीच. खरी चर्चा तिथेच सुरू होते. तारखा सांगून एकच प्रश्न फळ्यावर लिहा: ठराव झालेला असताना तीन वर्षांनी मोर्चा का काढावा लागला? आता वर्ग बोलतो तो नियम धाब्यावर बसवणाऱ्यांबद्दल. पंधरा मिनिटं गटात, उरलेल्या वेळात प्रत्येकाचं लेखी उत्तर, म्हणजे गप्प मुलाचंही मत कळतं.

नाटुकलं मात्र नको. 'अस्पृश्य' कोण होणार यावरून बोटं नेमक्या मुलाकडे वळतात, आणि संवाद पुढे मैदानावर चिडवायला वापरले जातात.

दाखल्यांची यादी पालकांना स्वतंत्र चिठ्ठीने कळवा. टोमणा कानावर आला तर जागच्या जागी एका वाक्यात थांबवा: "या वर्गात हे चालणार नाही." बाकीचं चिडवणाऱ्याशी एकट्याशी बोला. सर्वांसमोर माफी मागायला लावलं की मोठ्यांना समाधान मिळतं, पण ज्याला लागलं तो पुन्हा सगळ्यांच्या नजरेत येतो.

मुलाला बाईंनी सांगायचं तेही थोडक्यात: तो प्रश्न मी तुला एकट्याला विचारायला नको होता, यादी आता अशी वाचणार नाही. दया नको. तरीही गैरहजेरी सुरूच राहिली, तर बसण्याची जागा आणि पोषण आहाराची पंगत आठवडाभर नीट बघा. तो एकटा जेवत असेल तर त्रास अजून संपलेला नाही, आणि मग मुख्याध्यापकांकडे लेखी नोंद करायला हवी.