अमेरिकेत न्यू जर्सीच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत मिकी शेरिल यांना ३४ टक्क्यांवर तिकीट कसं मिळालं?

आधी एक घोळ काढू, तिकडचा गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे, तो थेट निवडून येतो आणि राज्य चालवतो, म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखाच. आणि त्याचं तिकीट दिल्लीवरून येत नाही, पक्षाचा उमेदवार कोण हे मतदारच मत देऊन ठरवतात, त्या मतदानालाच प्रायमरी म्हणतात.

आता तुमचा प्रश्न. १० जून २०२५ ला डेमोक्रॅटिक पक्षाकडून सहा जण उभे होते, त्यात नेवार्कचे महापौर रास बराका, जर्सी सिटीचे महापौर स्टीव्ह फुलप असे तगडे लोक, त्यामुळे मतं फुटली आणि मिकी शेरिल साधारण ३४ टक्क्यांवर जिंकल्या. न्यू जर्सीत ज्याला जास्त मतं तो जिंकला, विषय संपला. अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यात असं झालं असतं तर पहिल्या दोघांत परत मतदान घ्यावं लागलं असतं, कारण तिथे ५० टक्क्यांच्या वर जावंच लागतं.

खरी गंमत मतपत्रिकेची. पूर्वी काउंटीचे (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचे) पक्षनेते आपल्या लाडक्या उमेदवारांना एकाच ओळीत छापायचे, बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात, हे २०२४ मध्ये सिनेटचे उमेदवार अँडी किम कोर्टात गेले तेव्हा मोडलं. माझ्या मते एवढी गर्दी झाली त्याचं हे एक मोठं कारण.

न्यू जर्सीतल्या एडिसनला कोणी नातेवाईक असतील तर त्यांना सांगा, कुठल्याच पक्षात नोंदणी नसेल तर ऐनवेळी केंद्रावर पक्ष निवडून मत देता येतं, पण नागरिकत्व पाहिजे हं, ग्रीन कार्डवर नाही चालत.