स्कूल बसला सीट बेल्ट हवेत का? पालकांचे, बसमालकांचे आणि बसमधल्या ताईंचे प्रश्न

गेल्या लेखात मी लिहिलं होतं की यापुढे रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक नव्या स्कूल बसला तीन बिंदूंचे, म्हणजे खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारे पट्टे सक्तीचे व्हायला हवेत. त्यावर बरीच पत्रं आली. काहींनी पाठिंबा दिला, काहींनी खडसावलं. ज्या प्रश्नांची उत्तरं इतरांनाही उपयोगी पडतील, ते इथे घेते.

आमच्या मुलीच्या शाळेची बस मोठी आणि उंच आहे. शाळेचं म्हणणं असं की अमेरिकेतसुद्धा मोठ्या स्कूल बसना पट्टे लागत नाहीत, मग इथे हट्ट कशाला? शिवाय बस ४०च्या वर जातच नाही. (एक आई, ठाणे)

शाळा सांगते ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं पालकांना कोणी सांगत नाही.

अमेरिकेत १ एप्रिल १९७७पासून मोठ्या स्कूल बससाठी जो नियम लागू झाला, त्याने पट्ट्याचं काम बाकावर सोपवलं. बाकाची पाठ उंच हवी, तिच्या दोन्ही बाजूंना जाड गादी हवी, बाकं एकमेकांच्या जवळ हवीत आणि पाठीचा सांगाडा असा हवा की मागचं मूल त्यावर आदळलं तर तो ठरावीक प्रमाणात वाकून धक्का स्वतःत घेईल. त्यात मोठ्या बसचं वजन आणि उंची यांचा आधार. समोरून टक्कर झाली तर ही रचना उत्तम काम करते. तिथे स्कूल बसच्या आत दगावणाऱ्या मुलांची संख्या कमी राहिली, त्यात या बाकांचा मोठा वाटा आहे.

पण ही रचना दोन अटींवर उभी आहे. मूल बाकातच बसलेलं असलं पाहिजे आणि धक्का पुढून किंवा मागून यायला हवा. बस कलंडली, उलटली किंवा कुशीत ठोकली गेली की मूल बाकातून बाहेर फेकलं जातं. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शहरात भरधाव स्कूल बस रस्ता सोडून झाडावर आदळली आणि सहा मुलं गेली. त्या अपघाताचा तपास केल्यावर अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१८मध्ये राज्यांना स्पष्ट शिफारस केली: नव्या मोठ्या स्कूल बसना तीन बिंदूंचे पट्टे सक्तीचे करा. कॅलिफोर्नियाने तर २००५पासूनच नव्या मोठ्या बसना ते लावायला सुरुवात केली होती. संपूर्ण देशासाठी मोठ्या बसना तशी सक्ती अजून नाही, एवढ्यापुरतं शाळेचं म्हणणं बरोबर.

आता तुमच्या मुलीच्या बसमध्ये एकदा चढून बाकाची पाठ बघा. आपल्याकडच्या कित्येक बसमध्ये ती बुटकी असते, गादी पातळ असते आणि वरच्या कडेला धरायला लोखंडी नळी असते. ती नळी नेमकी दुसरी-तिसरीतल्या मुलाच्या दातांच्या उंचीवर येते. अमेरिकेचा ‘पट्टा नको’ हा निष्कर्ष उचलायचा आणि ज्या बाकाच्या जिवावर तो काढला गेला तो बाक तिथेच ठेवून यायचा, हे मला मान्य नाही.

आणि ४०च्या वेगाबद्दल. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारं वाहन जागच्या जागी थांबलं, तर आतलं न बांधलेलं मूल ज्या वेगाने पुढे जातं, तो सहा मीटरहून थोड्या जास्त उंचीवरून खाली पडण्याइतका असतो. म्हणजे साधारण दुसऱ्या मजल्यावरून. ५०च्या वेगाला हीच उंची जवळजवळ दहा मीटर होते. वेगनियंत्रक हवाच, पण तो पट्ट्याची जागा घेत नाही.

माझ्या सात बस आहेत. पालक मागे लागलेत म्हणून बाजारात चौकशी केली. गॅरेजवाला प्रत्येक बाकाला कमरेचे पट्टे स्वस्तात बसवून देतो म्हणतो. बसवून टाकू का? (एक बसमालक, नागपूर)

नका बसवू. तुमची तळमळ पोहोचली, पण हा पैसा चुकीच्या जागी जाईल आणि कदाचित इजाही करेल.

नुसता कमरेचा पट्टा मुलाचं कंबरडं धरून ठेवतो आणि वरचं धड मोकळं सोडतो. धडक बसली की मूल कमरेतून दुमडतं आणि डोकं समोरच्या बाकावर जोरात आपटतं. कॅनडाच्या वाहतूक खात्याने १९८०च्या दशकात स्कूल बसच्या टक्कर-चाचण्या घेतल्या, तेव्हा समोरच्या धडकेत कमरेचा पट्टा लावलेल्या पुतळ्यांच्या डोक्याला आणि मानेला न बांधलेल्या पुतळ्यांपेक्षा जास्त मार बसू शकतो हे दिसलं. दुसरा धोका पोटाचा. लहान मुलांच्या कमरेची हाडं पुरती भरलेली नसतात. पट्टा त्या हाडांवर टिकत नाही, वर सरकून मऊ पोटावर येतो, आणि मग आतडी फाटणं, कण्याचा खालचा मणका मोडणं अशा इजा होतात. शल्यचिकित्सकांना हा प्रकार चांगला ओळखीचा आहे.

तिसरी गोष्ट बाकाच्या पायांची. पट्ट्यावर येणारा ओढा शेवटी बाकाच्या सांगाड्यावर आणि तिथून बसच्या जमिनीवर येतो. मूळ बाक त्या ओढ्यासाठी बनवलेलाच नसेल आणि गॅरेजवाल्याने पत्र्याला भोक पाडून बोल्ट आवळला असेल, तर धडकेत पट्टा, बाक आणि त्यावरची मुलं सगळंच उखडून पुढे येईल. पट्टे हवेत तर ते बाकासकट हवेत: कारखान्यात चाचणी झालेला बाक, त्याच्या सांगाड्यातच बसवलेला तीन बिंदूंचा पट्टा आणि जमिनीखाली मजबूत केलेली चौकट.

म्हणून पुढची बस घ्याल तेव्हा ऑर्डर देतानाच हे मागा. आत्ताच्या सात बसमध्ये तोच पैसा बाकांच्या पाठीवरच्या नळ्यांना जाड आवरण, सैल झालेल्या बाकांची दुरुस्ती, चांगले टायर आणि अडकलेला संकटकालीन दरवाजा सुरळीत करणं, यावर घाला.

पट्टे लावले की एका मुलाला एक जागा द्यावी लागेल. आज आम्ही लहान मुलं दोनाच्या बाकावर तीन बसवतो. म्हणजे बस वाढवा, फी वाढवा. ग्रामीण भागातल्या पालकांना हे परवडेल का? (एका शिक्षणसंस्थेचे पदाधिकारी, जळगाव जिल्हा)

सगळ्या पत्रांत मला हे पत्र सर्वांत महत्त्वाचं वाटलं, कारण खरा वाद इथे आहे.

बारा वर्षांखालची मुलं आसनक्षमतेच्या दीडपट नेण्याचा हिशेब आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आला आहे. त्यामागचा तर्क असा की लहान मूल जागा कमी घेतं. रुंदीपुरता तो खरा आहे. पण तिसरं मूल अर्धं बाकावर, अर्धं मधल्या वाटेत असतं. त्याचा एक पाय जमिनीवर टेकलेला, दप्तर मांडीवर आणि हात समोरच्या नळीवर. जोराचा ब्रेक लागला की पहिलं तेच जातं. वर सांगितलेली उंच पाठीच्या बाकांची रचनासुद्धा त्याला वाचवत नाही, कारण ते बाकाच्या आत नसतंच.

पट्ट्याची सक्ती मला हवी आहे ती मुख्यतः यासाठी. जिथे पट्टा आहे तिथे एक मूल, एक जागा, एक पट्टा असा हिशेब आपोआप लागू होतो. दोन मुलांना एका पट्ट्यात कोंबता येत नाही. कोंबलं तर धडकेत ती एकमेकांना चिरडतात. ब्रिटनमध्येही दोनाच्या जागेवर तीन मुलं बसवण्याची सवलत होती. नोव्हेंबर १९९३मध्ये शाळेच्या सहलीवरून परतणारी मिनीबस एम-४० महामार्गावर उभ्या वाहनावर आदळली. बारा विद्यार्थी आणि गाडी चालवणाऱ्या त्यांच्या शिक्षिका गेल्या. त्या मिनीबसमध्ये मुलं बाजूला तोंड करून असलेल्या बाकड्यांवर बसली होती. पुढे १९९७मध्ये नियम आला की मुलांच्या गटाला नेणाऱ्या मिनीबस आणि कोचमध्ये प्रत्येक मुलाला पुढे तोंड असलेली स्वतंत्र जागा आणि पट्टा हवा.

खर्च वाढेल, हे तुमचं म्हणणं मी नाकारत नाही. बेचाळीस मुलं नेणारी गाडी अठ्ठावीस नेऊ लागली की प्रत्येक घरावर बोजा पडणार. यावर उत्तर म्हणून पालकांना ‘सुरक्षेला किंमत नसते’ असं ऐकवणं मला अप्रामाणिक वाटतं. किंमत असते, आणि ती कोणीतरी मोजतोच. माझ्या मते ती सरकारने वाटून घ्यायला हवी: पट्ट्यांसह घेतलेल्या नव्या स्कूल बसला करात सूट, जुन्यांना ठरावीक वर्षांची मुदत, आणि एकाच बसच्या दोन फेऱ्या करता येतील अशा शाळांच्या वेळा. शेवटची गोष्ट तर तुमच्या हातात आहे. प्राथमिक आणि माध्यमिकची वेळ पाऊण तासाने वेगळी केली, तर तीच बस आणि तोच चालक दोनदा जाऊ शकतो. जवळच्या गावांसाठी हे जमतं.

बसला आग लागली किंवा ती पुराच्या पाण्यात गेली तर बांधलेली मुलं बाहेर कशी येणार? (एक आजोबा, सांगली)

आजोबा, ही भीती जगभर व्यक्त होते आणि ती खोटी नाही. पण आगीत सुटण्यासाठी मूल आधी शुद्धीवर असावं लागतं. धडकेत डोकं आपटून बेशुद्ध झालेलं किंवा पाय मोडून दोन बाकांमध्ये अडकलेलं मूल पट्टा नसला तरी बाहेर येत नाही. पट्टा त्याला शुद्धीवर ठेवतो, आणि बकलचं लाल बटण पहिलीतलं मूलही सरावाने चटकन दाबतं.

१४ मे १९८८ रोजी केंटकी राज्यात कॅरोल्टनजवळ दारू प्यायलेला माणूस उलट दिशेने पिकअप गाडी घेऊन आला आणि एका चर्चच्या बसवर आदळला. ती बस पूर्वी स्कूल बस होती. पेट्रोलच्या टाकीला आग लागली आणि २७ जण गेले. त्या बसमध्ये मुलांना पट्टे नव्हते. मुलं अडकली ती अरुंद वाटेत, पेटत्या गादीच्या धुरात आणि पुढचं दार बंद झाल्यावर एका मागच्या दाराशी. त्यानंतर सुधारणा झाल्या त्या टाकीच्या संरक्षणात, संकटकालीन दारांच्या संख्येत आणि गादीच्या कापडात. आपल्याकडेही २०२२मध्ये केंद्राने स्कूल बसच्या प्रवासी कक्षासाठी आगीची सूचना देणारी आणि आग विझवणारी यंत्रणा नियमांत आणली.

तेव्हा नातवाच्या बसबद्दल विचारायचंच तर हे विचारा: मागचं दार कुलूपबंद तर नाही? त्यासमोर जादा बाक टाकलाय का? पट्टा सोडून त्या दाराने उतरायचा सराव वर्षातून किमान दोनदा होतो का?

मी बसमध्ये मुलं सांभाळते. एका फेरीत पस्तीस मुलं. सगळ्यांचे पट्टे मी एकटी कशी लावणार? मुलं काढून पळतात, आणि उशीर झाला की बोलणी मी खाते. (बसमधली एक ताई, पिंपरी-चिंचवड)

ताई, तुम्ही लिहिलंत याचा मला फार आनंद झाला. पट्ट्याचा नियम करणारे लोक तुमचं काम कधी विचारात घेत नाहीत.

सगळ्यांत लहान मुलं पुढच्या बाकांवर, तुमच्या हाताशी बसवा. त्यांचे पट्टे तुम्ही लावायचे. चौथीच्या पुढची मुलं स्वतः लावू शकतात. त्यांच्या शेजारी लहान भावंड असेल तर त्याचाही लावतील. दप्तर पाठीवर ठेवून पट्टा लावू देऊ नका. मूल पुढे सरकतं आणि पट्टा सैल राहतो. दप्तर खाली किंवा कप्प्यात. पट्टा मांड्यांच्या मुळाशी, खाली बसायला हवा, पोटावर नको. खांद्यावरचा भाग मानेला घासत असेल तर मुलं तो काखेतून घेतात, ते अजिबात चालू देऊ नका. चांगल्या बाकांना तो भाग वर-खाली करायची सोय असते. पीळ पडलेला पट्टा सरळ करा. पहिले पंधरा दिवस वेळ लागेल, मग मुलांचा हात बसतो.

उशिराची बोलणी तुम्ही खायची नाहीत. वेळापत्रकात प्रत्येक थांब्यावर थोडा जादा वेळ धरणं मालकाचं आणि शाळेचं काम आहे. बस सुटण्याची खूण तुमची असली पाहिजे: ‘सगळे बसले’ असं तुम्ही म्हणाल्यावरच चालकाने गिअर टाकायचा.

एक गोष्ट पट्ट्याहूनही मोठी. अमेरिकेच्या नोंदींत स्कूल बसशी संबंधित अपघातांत बसच्या आत असलेल्या मुलांपेक्षा बाहेर, रस्त्यावर असलेली शाळकरी मुलं जास्त दगावतात. म्हणून बस पूर्ण थांबेपर्यंत पट्टे सुटू देऊ नका, आणि पहिलं पाऊल खाली तुमचं पडू द्या. बसच्या पुढून कोणी धावत रस्ता ओलांडत नाही ना, ते तुम्ही बघितल्यावरच बस हलेल.

आमचा मुलगा बसने नाही, व्हॅनने जातो. काका चांगले आहेत, पण आत चौदा मुलं असतात. पट्ट्याचा विषय काढला की म्हणतात, ‘अहो, व्हॅनला कुठे पट्टे?’ (एक पालक, कोल्हापूर)

व्हॅनलाच आधी. मोठ्या बसच्या पट्ट्यांवरून पन्नास वर्षं घोळ घालणाऱ्या अमेरिकेनेही लहान स्कूल बसना १९७७पासूनच पट्टे सक्तीचे ठेवले, कारण हलकी गाडी ट्रकवर आदळली तर सगळा धक्का तीच खाते. मोठ्या बसला तिच्या वजनाचा जो आधार असतो तो व्हॅनला नाही.

कंपनीतून येताना व्हॅनच्या पुढे तोंड असलेल्या जागांना पट्टे असतात. ते जातात कुठे, तर जादा मुलं बसवायला मूळ सीट काढून आडवी बाकडी टाकली जातात तेव्हा. आडव्या बाकड्यावर पट्टा लावूनही फारसा उपयोग नाही. समोरून धडक बसली की शरीर बाजूला पिळवटतं आणि मानेवर ताण येतो. गॅसच्या टाकीवर फळी टाकून मुलं बसवली असतील तर त्या दिवसापासून मुलाला पाठवू नका, इतकं स्पष्ट सांगते.

काकांशी भांडू नका. चौदा घरं मिळून भेटा. मूळ सीट परत बसवायच्या, जेवढ्या जागा तेवढीच मुलं, आणि त्यामुळे कमी होणारं भाडं प्रत्येक घराने थोडं वाढवून भरून द्यायचं. काकांचं घर त्या गाडीवर चालतं, हे लक्षात ठेवून बोललात तर ते ऐकतील असा माझा विश्वास आहे.

आजच्या कायद्यात नेमकं काय आहे? (एक मुख्याध्यापिका, रत्नागिरी)

मोटार वाहन कायद्यातलं २०१९च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९४-ब सांगतं की चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा मुलांसाठीच्या सुरक्षा-आसनाने बांधलेलं नसेल, तर गाडी चालवणाऱ्याला किंवा तशी चालवू देणाऱ्याला एक हजार रुपये दंड. मात्र त्याच कलमाच्या पहिल्या भागात, म्हणजे सर्वसाधारण प्रवाशांच्या पट्ट्यांबाबत, राज्य सरकारला काही प्रकारची प्रवासी वाहनं अधिसूचनेने वगळण्याची मुभा आहे; मुलांबद्दलच्या भागात तशी मुभा नाही. म्हणजे मुलाला बांधण्याचं तत्त्व संसदेने मान्य केलेलं आहे. स्कूल बससाठी ते कसं अमलात आणायचं हे राज्याच्या हातात आहे.

तोवर तुमच्याकडे एक साधन आहेच. महाराष्ट्राच्या २०११च्या स्कूल बस नियमांनी प्रत्येक शाळेत परिवहन समिती नेमायला सांगितलंय आणि तिच्या अध्यक्ष तुम्हीच आहात. पुढच्या बैठकीत हा ठराव घ्या आणि इतिवृत्तात लिहा: जूनपासून नवा करार करताना प्रत्येक मुलाला स्वतंत्र जागा असेल, आणि ठेकेदार जी नवी बस आणेल तिला कारखान्यातून बसवलेले तीन बिंदूंचे पट्टे असतील. त्याची प्रत प्रादेशिक परिवहन कार्यालयालाही पाठवा.