गाडीचं दार बर्फाने चिकटतं तेव्हा

प्रश्न : आमची गाडी उघड्यावर उभी असते. उणे वीसमध्ये दारं नीट उघडत होती आणि परवा उणे सहालाच चारही घट्ट बसली. हे कसं? पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं?
– एक वाचक, मिसिसागा (कॅनडा)

उत्तर : दार थंडीने चिकटत नाही, पाण्याने चिकटतं. उणे वीसचा बर्फ कोरडा, भुरभुरीत असतो; झटकला की गेला. त्रास होतो तो दिवसा पारा शून्याच्या वर जाऊन रात्री पुन्हा उतरतो तेव्हा, गोठता पाऊस पडतो तेव्हा, किंवा गाडी धुऊन आणून तशीच उभी केली तर. टपावरचा बर्फ वितळून पाणी दाराच्या फटीत ओघळतं, रबरी बीडिंग (दाराच्या कडेने बसवलेली रबराची पट्टी) आणि पत्रा यांच्यात अडकतं आणि रात्रीत दोन्ही सांधून टाकतं.

म्हणून आधी बीडिंग कोरडं करायचं आणि मगच त्यावर सिलिकॉन, म्हणजे पाणी धरू न देणारं वंगण, लावायचं. ओल्या रबरावर मारलेला स्प्रे फुकट जातो. पारा पाचच्या वर असेल असा कोरडा दिवस निवडा, गॅरेज मिळालं तर उत्तमच. बहुतेक गाड्यांना बीडिंगच्या दोन रांगा असतात, एक दाराच्या चौकटीवर आणि दुसरी दारावरच. लोक एकच पुसतात आणि मग औषध चाललं नाही म्हणतात. कोमट साबणपाण्याच्या फडक्याने दोन्हींवरची माती आणि रस्त्यावरचं मीठ काढा. खालच्या कोपऱ्यात रबराची घडी बोटाने उघडून पाहा. वरून कोरड्या दिसणाऱ्या बीडिंगमधूनही तिथे पाणी निघतं. ते टिपून घ्या.

आता सिलिकॉन स्प्रे फडक्यावर घ्या, थेट रबरावर मारू नका. रबर सगळीकडे सारखं काळंभोर दिसेपर्यंत चोळा, दहा मिनिटांनी जास्तीचं पुसून टाका. डिकीचं दार आणि पेट्रोलच्या झाकणाची कड विसरू नका. हा थर महिनाभर धरून चाला, गाडी धुतली की लवकर जातो. ट्यूबमधलं सिलिकॉन ग्रीस महाग पडतं, पण बरंच जास्त टिकतं. वीतभर रबराला वाटाण्याएवढं पुरतं. पेडल, स्टिअरिंग आणि पुढची काच यांना मात्र सिलिकॉन लागू देऊ नका. पत्र्याला रंगकाम करायचं असेल तर तिथेही नको, कारण नवा रंग त्यावर धरत नाही, खळगे पडतात.

बीडिंग फाटलं असेल तर बदला. फाटीत पाणी साचतच राहणार, तिथे कुठलाही स्प्रे चालत नाही. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, तीही प्लॅस्टिकच्या केबल टायने मोकळी करा. तारेने केलीत तर रंग खरवडला जाईल आणि गंज धरेल.

प्रश्न : सिलिकॉनऐवजी घरातलं व्हॅसलीन किंवा खाण्याचं तेल चालेल का?
– एक वाचक, एडिसन (न्यू जर्सी)

उत्तर : एका रात्रीची अडचण भागेल, सवय नको. बीडिंग सहसा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचं असतं आणि हे रबर खनिज तेलाने फुगतं, मऊ पडतं. व्हॅसलीनही खनिज तेलातूनच आलेलं. खाण्याचं तेल रबराला तितकं बाधत नाही, पण खवट होतं, चिकट होतं आणि धूळ धरतं.

प्रश्न : यजमानांची लेहला बदली झाली आहे. सकाळी दार उघडेना की शेजारी थर्मासमधलं गरम पाणी ओततात. ते योग्य आहे का?
– एक वाचक, लेह (लडाख)

उत्तर : नाही. लेहच्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, पण गारठलेली काच तडकायला तेवढं भरपूर झालं. शिवाय तेच पाणी फटीत उतरून पुन्हा गोठतं, आणि दुसऱ्या दिवशी दार आणखी घट्ट.

आधी दार ओढू नका, आत ढकला. तळव्याने किंवा कुल्ल्याने कडेकडेने दाब दिला की बर्फाचा थर तडकतो. मग हँडल हळू ओढा. जोर केलात तर हँडल किंवा आतली केबल तुटते, नाहीतर बीडिंग फाटून पत्र्यालाच चिकटून राहतं. एक दार उघडेना तर बाकीची आणि डिकी पाहा. कुठूनही आत शिरता आलं की इंजिन सुरू करून हीटर लावा. त्याआधी सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढलाच पाहिजे, नाहीतर विषारी धूर आत येतो.

औषधाच्या दुकानातलं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल स्प्रेच्या बाटलीत भरून घरात ठेवा, गाडीत नव्हे. दार बंद असताना आतली बाटली काय कामाची? फटीवर मारा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग दाबा. दोन भाग अल्कोहोल आणि एक भाग पाणी हे मिश्रण सांगितलं जातं, पण लेहच्या थंडीत पाणी न घालता वापरलेलं बरं. ते पेट घेतं, त्यामुळे जवळ लायटर नको. किल्ली लायटरवर तापवण्याचा जुना उपायही चिपच्या किल्लीला चालत नाही, चिप जाते.

प्रश्न : दार उघडतं, पण परत लागतच नाही. आपटलं तरी उसळून येतं.
– एक वाचक, मिनिआपोलिस

उत्तर : आपटणं थांबवा. लॅचमधलं (दार अडकवून धरणाऱ्या खटक्यातलं) जुनं ग्रीस थंडीने घट्ट झालं आहे किंवा आत पाणी गोठलं आहे. दाराच्या कडेला लॅचची आकड्यासारखी जीभ दिसेल. स्क्रू ड्रायव्हरने ती फिरवून पाहा : टक्क आवाज करून अडकायला हवी आणि बाहेरचं हँडल ओढल्यावर सुटायला हवी. अडकली असताना दार लावायला जाऊ नका, आधी हँडल ओढून सोडवा. जीभ हलतच नसेल तर अल्कोहोल मारा किंवा केस वाळवायच्या ड्रायरने पाच-सात मिनिटं ऊब द्या, आणि ती सहज फिरेपर्यंत पुढेमागे करा. मग पुसून, कोरडं करून थंडीतही पातळ राहणारं लिथियम ग्रीस थोडंसंच लावा. दार दोरीने बांधून गाडी चालवू नका. चौकटीशिवाय काच असलेल्या दारांचं दुखणं वेगळं : हँडल ओढताच काच जराशी खाली सरकायला हवी. ती गोठून बसली असेल तर आधी काचेची कड मोकळी करा.